जुना गेम की नवा गेम? फायटिंग गेमवाल्यांचं न संपणारं भांडण

२०२४ च्या जुलैमध्ये लास वेगासला ‘इव्हो’ झाली. फायटिंग गेमच्या जगातली ही सगळ्यात मानाची स्पर्धा. मुख्य यादीत त्याच वर्षी जानेवारीत आलेला टेक्केन ८ होता, आदल्या वर्षीचा स्ट्रीट फायटर ६ होता, आणि त्यांच्याच पंगतीला स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक बसला होता. हा गेम १९९९ चा.

इतर बहुतेक व्हिडिओ गेमचं असं होत नाही. फुटबॉलचा नवा गेम आला की मागच्या वर्षीचा कुणी हातात धरत नाही. फायटिंग गेमवाले मात्र पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे गेम अजून ईर्ष्येने खेळतात, त्यासाठी विमानाचं तिकीट काढतात. आणि मग भांडतात. जुनी मंडळी म्हणतात, नव्या गेममध्ये दम नाही, सगळं आयतं हातात दिलंय. नवी पोरं म्हणतात, तुमची मुरलेली बोटं वाया जातायत म्हणून तुमचा जळफळाट होतोय. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे. पण सोपं-अवघड हा वाद मला वरवरचा वाटतो. गेममध्ये काही भलतंच सापडलं, तोल ढासळला, तर ते निस्तरायचं कुणी? खेळाडूंनी की कंपनीने? जुन्या-नव्याची वाट खरी तिथे फुटते.

तरी सुरुवात सोप्या-अवघडापासूनच करू, कारण आरडाओरडा सगळा त्याचाच असतो.

बोटांचं काम

फायटिंग गेम म्हणजे पडद्यावर दोन कॅरेक्टर समोरासमोर, दोघांची ताकद दाखवणाऱ्या दोन पट्ट्या, आणि ज्याची पट्टी आधी रिकामी होईल तो हरला. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं उमटतात. त्यातलं एक चित्र म्हणजे एक फ्रेम, साधारण १६.७ मिलिसेकंद. या गेममधला सगळा हिशोब फ्रेममध्ये चालतो. ठोसा बाहेर पडायला किती फ्रेम, लागल्यावर समोरचा किती फ्रेम सुन्न, आपला हात मागे यायला किती फ्रेम.

समजा तुमचा ठोसा बसला. समोरचा सुन्न आहे, तुमचा हात मागे येतोय. हात मागे आल्यावर समोरचा शुद्धीवर यायच्या आत जेवढ्या फ्रेम उरतात, त्याच्या हिशोबात पुढचा ठोसा बसवायचा. बसला तर तो कॉम्बो, मध्ये समोरच्याला काहीच करता येत नाही. २००८ साली आर्केडमध्ये (पैसे टाकून गेम खेळायच्या दुकानांत) आलेल्या स्ट्रीट फायटर ४ मध्ये कित्येक चांगल्या कॉम्बोंत ही मुभा फक्त एका फ्रेमची होती. सेकंदाच्या साठाव्या भागात बटण दाबायचं. जरा आधी दाबलं तरी फुकट, जरा उशिरा दाबलं तरी फुकट, आणि वर उलटा मार. खेळाडूंनी यावरही तोड काढली. दोन बटणं एका फ्रेमच्या अंतराने दाबली तर गेम हवं ते बटण दोनदा वाचतो, म्हणजे संधी दुप्पट. तासन् तास लोकांनी हा बोटांचा चाळा घोटवला.

२०१६ च्या स्ट्रीट फायटर ५ ने ही कसरतच काढून टाकली. बटण थोडं आधी दाबलं तरी गेम काही फ्रेमपर्यंत ते लक्षात ठेवतो आणि पहिल्या शक्य क्षणी वार करतो. एका फ्रेमच्या लिंकचा, म्हणजे ठोशाला ठोसा असा जोडण्याचा, जमाना संपला. २०२३ च्या स्ट्रीट फायटर ६ ने आणखी एक पाऊल टाकलं. शोर्युकेन, म्हणजे उडून येणाऱ्याला खाली पाडणारा तो प्रसिद्ध अपरकट, मारायला पूर्वी पुढे, खाली, तिरकं खाली-पुढे असा स्टिकचा झोका देऊन ठोशाचं बटण दाबावं लागे. ‘मॉडर्न’ कंट्रोलमध्ये एक दिशा आणि एक बटण, झालं. याची किंमतही ठेवली आहे. शॉर्टकटने मारलेल्या स्पेशल वाराचं नुकसान वीस टक्क्यांनी कमी होतं आणि काही साधे वार हाताशी राहत नाहीत.

जुन्यांचा आक्षेप इथे बिनबुडाचा नाही. झोका देऊन वार काढायला वेळ लागतो, आणि तो वेळ हाच समोरच्याचा श्वास असतो. समोरचा उडी मारून आला तर तुम्ही झोका देण्याच्या स्थितीत आहात का, चालत पुढे जात होतात का, हे सगळं खेळाचाच भाग होतं. एका बटणावर ते आणलं की प्रतिक्रिया लख्ख होते आणि उडी मारणाऱ्याचं गणित बदलतं. पण यामुळे डोक्याचं काम कमी झालं असं म्हणणं म्हणजे अतिशयोक्ती. अवघडपणा बोटांतून उठून दुसरीकडे जाऊन बसला आहे. स्ट्रीट फायटर ६ मध्ये प्रत्येक खेळाडूला सहा खणांची ‘ड्राइव्ह’ पट्टी मिळते, तीही सुरुवातीपासूनच भरलेली. त्यातून धावून जाता येतं, वार झेलून उलट मारता येतं, पॅरी करून वार थोपवता येतो. पट्टी संपली की ‘बर्नआउट’, आणि मग काही काळ तुम्ही अर्धे पांगळे. कधी खर्च करायचा आणि कधी हात आखडता घ्यायचा, हा निर्णय सेकंदागणिक. नवशिका इथेच मार खातो, कितीही सोपी बटणं दिली तरी.

नव्या गेमबद्दलची माझी खरी तक्रार वेगळी आहे. ड्राइव्हची ही सगळी हत्यारं सगळ्यांना सारखीच मिळतात. त्यामुळे तळ उंचावतो, कुठलंही कॅरेक्टर घेतलं तरी अगदीच वाऱ्यावर सोडल्यासारखं होत नाही. पण चेहरे वेगळे असले तरी सामने एकमेकांसारखे दिसू लागतात. जुन्या गेममध्ये हत्यारांची वाटणी बेधडक विषम असायची. २००० सालच्या मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २ मध्ये तब्बल ५६ कॅरेक्टर, आणि वरच्या पातळीवर घोळका चौघांभोवती: मॅग्निटो, स्टॉर्म, सेंटिनेल आणि केबल. बाकीचे बरेचसे शोभेला. तरीही तो गेम लोकांनी जिवापाड खेळला, कारण त्या मोजक्या कॅरेक्टरांचा वेग आणि एकमेकांवरच्या युक्त्या इतक्या टोकाच्या होत्या की दुसरीकडे तसं काही मिळतच नव्हतं.

बिघडलं तर कुणी निस्तरायचं

आता मुद्द्याचं. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मध्ये एक बोनस फेरी आहे, त्यात गाडी फोडायची असते. निर्माते नोरिताका फुनामिझु चुका शोधत होते तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की वेळ साधली तर एका वारामागे दुसरा वार असा बसतो की मध्ये फटच राहत नाही. हे मुद्दाम केलेलं नव्हतं. हे साधणं इतकं कठीण वाटलं की त्यांनी ते काढलं नाही, लपलेली गंमत म्हणून राहू दिलं. आज ज्याच्याशिवाय फायटिंग गेमची कल्पनाच करता येत नाही, तो कॉम्बो असा, एका अपघातातून आला.

आर्केडच्या काळात गेम एकदा बोर्डावर चढून दुकानात गेला की गेला. दुरुस्ती करायची तर नवा बोर्ड विकायचा. स्ट्रीट फायटर काढणाऱ्या कॅपकॉम कंपनीने तेच केलं: चॅम्पियन एडिशन, टर्बो, सुपर, आणि १९९४ साली सुपर टर्बो, एकाच गेमच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या. सुपर टर्बोनंतर मात्र कंपनी पुढच्या मालिकांकडे वळली आणि गेम आहे तसा थिजला. त्यात अकुमा नावाचं लपवलेलं कॅरेक्टर होतं. तो हवेतून सोडायचा त्या आगीच्या गोळ्याला बहुतेकांकडे उत्तरच नव्हतं. कंपनी येऊन काही करणार नव्हती. मग अमेरिकेतल्या स्पर्धांनी अकुमावर सरळ बंदी घातली. जपानमध्ये तो वापरायचा नाही असा अलिखित संकेत पडला. नियम खेळाडूंनी केला, खेळाडूंनीच पाळला.

प्रत्येक वेळी बंदीच घातली असं नाही. २००१ च्या कॅपकॉम व्हर्सेस एसएनके २ मध्ये ‘रोल कॅन्सल’ नावाची चूक सापडली. लोळण घ्यायची आणि पहिल्या काही फ्रेममध्येच ती तोडून स्पेशल वार काढायचा. लोळणीतली सुरक्षितता त्या वाराला चिकटून राहते. उघड उघड बग. पण स्पर्धक म्हणाले, असू दे, शिकू या. पुढे काही कन्सोलवर आलेल्या ‘ईओ’ आवृत्तीतून कॅपकॉमने तो काढून टाकला, तर खेळाडूंनी त्या दुरुस्त आवृत्तीकडेच पाठ फिरवली.

थिजलेल्या गेमचं ज्ञान साचत जातं. बुद्धिबळाचे नियम उद्या बदलणार नाहीत याची खात्री असते, म्हणून तर माणूस एका ओपनिंगवर आयुष्य घालवू शकतो. फायटिंग गेममध्ये याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे सुपर स्मॅश ब्रदर्स मेली. २००१ चा, निन्टेन्डोच्या गेमक्यूबवरचा गेम. किरकोळ आवृत्त्या सोडल्या तर त्यात नंतर काही बदललं नाही. त्यातल्या कॅरेक्टरांत फॉक्स हा वरचा, योशी हा मागच्या बाकावरचा, असं वर्षानुवर्षं मानलं जात होतं. जपानच्या आम्सा या खेळाडूने तरीही योशीच धरून ठेवला. योशीच्या दुसऱ्या उडीत हलक्या मारांनी न ढळण्याची ताकद आहे, ढाल उघडण्याच्या पहिल्या क्षणांत वार मोडून काढायची सोय आहे. दोन्ही गोष्टी २००१ पासून डिस्कवर होत्या. पण त्या सामन्याच्या गर्दीत भरवशाने वापरणं कुणाला जमत नव्हतं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आम्साने योशी घेऊन ‘द बिग हाउस १०’ ही मोठी स्पर्धा जिंकली. गेमचं वय तेव्हा जवळपास २१ वर्षं. एकही पॅच, म्हणजे कंपनीने पाठवलेली दुरुस्ती, आला नव्हता, कुणी योशीला बळ दिलं नव्हतं.

आज असा योशी घडू शकतो का? मला शंका आहे. नव्या गेममध्ये दर काही महिन्यांनी पॅच येतो. कमजोर कॅरेक्टरला बळ मिळतं, माजलेल्याचे पंख कापले जातात. उत्तर शोधायची निकड असते तेवढ्यात उत्तर वरून येतं. त्याचा फायदाही मोठा आहे. मार्व्हल २ सारखे चौघेच वर्षानुवर्षं पडद्यावर बघत बसावं लागत नाही. नवं कॅरेक्टर आलं की पुन्हा सगळे प्रयोगशाळेत बसतात, कुणाकडेच वीस वर्षांची पुंजी नसते, आणि कालचा पोरगा दिग्गजाला हरवू शकतो.

पण पॅच देणाऱ्याचा हात चुकला तर सगळेच त्याच्याबरोबर घसरतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये टेक्केन ८ चा दुसरा सीझन सुरू झाला. गेम आधीच फार आक्रमक झालाय, बचावाला जागा द्या, अशी खेळाडूंची मागणी होती. आला तो पॅच आक्रमणाला आणखी धार लावणारा. इतका गदारोळ झाला की कंपनीला घाईघाईने दुरुस्त्या काढाव्या लागल्या. सुपर टर्बोवाल्यांनी अकुमाला एका नियमात बाहेर काढलं होतं. टेक्केनवाल्यांच्या हातात तसं काही नव्हतं, कारण आदल्या आठवड्याची आवृत्ती ऑनलाइन खेळायचा पर्यायच उरलेला नव्हता.

त्या पंधरा लाथा

जुन्या गेममध्ये काय होतं, असं कुणी विचारलं की फायटिंग गेमवाला त्याला २००४ च्या इव्होमधला एक तुकडा दाखवतो. मीही अपवाद नाही. गेम थर्ड स्ट्राइक. जपानचा दाइगो उमेहारा केन घेऊन, अमेरिकेचा जस्टिन वाँग चुन-ली घेऊन. दाइगोच्या पट्टीत नखाएवढी ताकद उरलेली. इतकी कमी, की स्पेशल वार ब्लॉक केला तरी त्यातून झिरपणारं नुकसान त्याला संपवेल. वाँगने चुन-लीचा सुपर, म्हणजे सगळ्यात जबर वार, काढला, पंधरा वारांची लाथांची सरबत्ती.

थर्ड स्ट्राइकमध्ये पॅरी आहे. वार अंगावर पडायच्या ऐन क्षणी स्टिक समोरच्याच्या दिशेने टिचकवायची. साधली तर नुकसान शून्य, चुकली तर मार पूर्ण. ब्लॉक करायला स्टिक मागे धरतात, पॅरीला पुढे, म्हणजे चुकलात तर अंगावर काहीच आडोसा नाही. आणि एकदा साधून भागत नाही, प्रत्येक लाथेला नव्याने. त्यातून हा सुपर इतका झटकन लागतो की तो दिसल्यावर टिचकी मारायला वेळच मिळत नाही, पहिली टिचकी अंदाजानेच मारावी लागते. दाइगोने ती मारली, मग एकेक करत सगळ्या लाथा उडवल्या, शेवटची हवेत उडी घेऊन, आणि उतरता उतरता स्वतःचा कॉम्बो सुरू करून सुपरने सामना संपवला. गंमत म्हणजे ती स्पर्धा दाइगो जिंकला नाही, अंतिम सामन्यात हरला. ते फारसं कुणाच्या लक्षात नाही.

गेम हरणाऱ्याला फुकट काही देत नव्हता, दार तेवढं किलकिलं ठेवत होता. नंतरच्या गेमनी पिछाडीवरच्याला यंत्रणेतूनच मदत देऊ केली: स्ट्रीट फायटर ४ मध्ये मार खाल्ल्यावर भरणारी अल्ट्राची पट्टी, टेक्केनमध्ये ताकद कमी उरली की चढणारा रेज. बघणाऱ्याला मजा येते. आघाडी मिळवणाऱ्याला मात्र आपण चांगलं खेळल्याची शिक्षा मिळतेय असं वाटू शकतं.

अर्थात, जुने गेम सगळे असेच सोन्याचे होते हा भ्रम आहे. नव्वदीच्या दशकात स्ट्रीट फायटर २ च्या यशावर स्वार व्हायला निघालेल्या फायटिंग गेमचा अक्षरशः पूर आला होता. बहुतेक रद्दी होते आणि विसरले गेले. आज आपण नव्या गेमची तुलना करतो ती गाळून उरलेल्या मूठभर गेमशी. नव्यातले कुठले टिकतात तेही असंच कळेल. २०१७ चा मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम: इन्फिनिट त्याच्या पुढच्या वर्षी इव्होच्या यादीतही नव्हता. लोक २०११ च्या अल्टिमेट मार्व्हल ३ कडे परत गेले, आणि २०२३ च्या इव्होत मुख्य यादीत तोच होता.

समोर कुणीतरी हवं

गेम कितीही भारी असला तरी खेळायला माणूस लागतो. जुन्या गेमची खरी अडचण ही आहे. आर्केड बंद होत गेले तसे शेजारचे प्रतिस्पर्धी संपले, आणि सुरुवातीचं ऑनलाइन खेळणं म्हणजे चिखलात पोहणं होतं. कारण साधं आहे. समजा तुमच्या घरून समोरच्याच्या घरी सिग्नल जायला चार फ्रेम लागतात. जुन्या पद्धतीत तुम्ही ठोसा दाबला की गेम चार फ्रेम थांबतो, समोरच्याने त्याच क्षणी काय दाबलं ते कळेपर्यंत. एका फ्रेमच्या लिंकवर वाढलेल्या बोटांना ही शिक्षाच.

२००६ साली एक्सबॉक्स ३६० वर स्ट्रीट फायटर २ हायपर फायटिंगची ऑनलाइन आवृत्ती आली. ती खेळून वैतागलेल्या टोनी कॅननने, इव्होच्या संस्थापकांपैकी एकाने, जीजीपीओ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्यातली युक्ती म्हणजे रोलबॅक. तुमचा ठोसा पडद्यावर लगेच दिसतो. समोरच्याची बातमी अजून यायची असते, तेव्हा गेम धरून चालतो की तो आत्ता जे करतोय तेच करत राहील. बहुतेक वेळा हे खरं ठरतं, कारण माणूस दर फ्रेमला बटण बदलत नाही. चार फ्रेमनी बातमी आली की त्याने प्रत्यक्षात उडी मारली होती, तर गेम मनातल्या मनात चार फ्रेम मागे जातो, उडी धरून सगळं पुन्हा मोजतो आणि पुढच्या चित्रात दुरुस्त परिस्थिती दाखवतो. तुम्हाला समोरचा एकदम किंचित सरकल्यासारखा दिसतो, एवढंच. यासाठी गेमची संपूर्ण अवस्था पुन्हा पुन्हा साठवायची आणि झटक्यात परत आणायची असते. नव्वदीतल्या बोर्डावरचा छोटासा गेम आजच्या कॉम्प्युटरला हे डाव्या हाताने करू देतो. अजस्र त्रिमितीय गेममध्ये मागाहून ते बसवणं जिकिरीचं.

म्हणून उलटंच झालं. फाइटकेडसारख्या प्रोग्रॅममुळे नव्वदीतले गेम ऑनलाइन झकास चालत होते, आणि नवेकोरे, महागडे गेम अडखळत होते. २०२० मध्ये प्रत्यक्ष स्पर्धा बंद पडल्या तेव्हा हे फार बोचलं. त्याच वर्षी मेलीला चाहत्याने केलेल्या ‘स्लिपी’ या प्रकल्पातून रोलबॅक मिळालं आणि गिल्टी गिअरच्या एका जुन्या आवृत्तीलाही. २०२१ च्या गिल्टी गिअर स्ट्राइव्हमध्ये ते पहिल्या दिवसापासून होतं, स्ट्रीट फायटर ६ मध्येही. जुन्या गेमवाल्यांनी हट्टाने उभं केलेलं तंत्र नव्यांच्या पायाभरणीत बसलं, आणि नव्यांना हे सांगायची संधी कुणी जुना खेळाडू सोडत नाही.

नव्या गेमकडे आज गर्दी आहे आणि पैसाही. २०२३ च्या इव्होत स्ट्रीट फायटर ६ ला सात हजारांहून जास्त खेळाडू उतरले. २०२४ च्या कॅपकॉम कपमध्ये विजेत्याला दहा लाख डॉलर मिळाले. थर्ड स्ट्राइकच्या बहुतेक स्पर्धांत बक्षीस म्हणजे खेळाडूंनी भरलेल्या प्रवेश शुल्काची जमा. पोट भरायचं तर नवा गेम, हे उघड आहे, आणि कित्येक जण नवा गेम उपजीविकेसाठी आणि जुना मनासाठी असे दोन्ही ठेवतात.

नवख्याने कुठून सुरुवात करावी? नव्यापासून. कुठल्याही वेळी आपल्याच पातळीचा प्रतिस्पर्धी मिळतो, शिकवणारी व्यवस्था गेममध्येच असते. जुन्यात पहिले काही महिने फक्त मार खाण्यात जातात, कारण तिथे उरलेले सगळे वीस-वीस वर्षं खेळलेले.

नव्या गेमची एक अडचण मात्र अजून सुटलेली नाही. थर्ड स्ट्राइक आज लावला तर तो तोच आहे, ज्यावर दाइगोने त्या लाथा उडवल्या. स्ट्रीट फायटर ६ ची २०२३ ची इव्हो ज्या आवृत्तीवर झाली, ती पॅचवर पॅच चढून कधीच मागे पडली. त्या सामन्याचा व्हिडिओ बघता येतो, तो सामना ज्यावर झाला तो गेम आज दोघांना ऑनलाइन बसून खेळता येत नाही. यावर उपाय नाही असं नाही. २०१४ च्या अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४ मध्ये ‘एडिशन सिलेक्ट’ होतं, कॅरेक्टर निवडताना त्याची मागची कुठली आवृत्ती हवी ते सांगायचं, आणि २००८ चा सगाट २०१४ च्या र्‍यूसमोर उभा करता यायचा. स्पर्धेसाठी ते नव्हतंच, गमतीपुरतं होतं. पण अशी सोय स्ट्रीट फायटर ६ मध्ये नाही, टेक्केन ८ मध्येही नाही.